पुण्यात नॉर्मल, औलीत खोकला : मग टेस्ट कोणती करायची?

प्रश्न एका वडिलांचा आहे. मुलगी १९ वर्षांची. शाळेत असताना ३००० मीटर धावायची, आता क्रॉस-कंट्री स्की करते, म्हणजे बर्फावरून लांब पल्ल्याची चढउताराची शर्यत. वर्षातले नऊ-दहा महिने पुण्यातच असते: पहाटे वेताळ टेकडी, रविवारी रिकाम्या रस्त्यावर चाकांची रोलर स्की. जानेवारी-फेब्रुवारीत उत्तराखंडात, औलीच्या बर्फावर शिबिर. गेले दोन हिवाळे तिथं जोराचा सराव संपला की पाच-दहा मिनिटांत खोकल्याची ढास लागते, छाती आवळून येते, तासाभरात सगळं शांत. पुण्यात येऊन पीएफटी, म्हणजे फुंकून फुप्फुसं तपासायची टेस्ट केली, ती नॉर्मल. एका डॉक्टरांनी 'टेन्शन घेते' म्हणून सोडून दिलं. प्रशिक्षक म्हणतात, सरळ पंप (इनहेलर) सुरू करा, बर्फावरची अर्धी मुलं घेतात. वडील विचारतात, नक्की कोणती टेस्ट केली म्हणजे एकदाचा निकाल लागेल?

'एकदाचा' हा शब्द तेवढा सोडून द्या. बाकीचं सांगतो. मी पुण्यात छातीचा डॉक्टर आहे. माझ्याकडे येणारे खेळाडू बहुतेक धावणारे, पोहणारे, सायकलवाले. बर्फावर जाणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण त्यांनीच मला या टेस्ट नीट करायला शिकवलं.

आधी त्या नॉर्मल पीएफटीचं बघू. तिनं खुर्चीत बसून, खोलीतल्या उबदार हवेत, तीन वेळा जोरात फुंकलं. त्या वेळी तिच्या श्वासनलिका मोकळ्या होत्या, एवढंच त्या कागदावर लिहिलेलं आहे. चैत्रात कौलं कोरडी बघून 'घर गळत नाही' म्हणण्यातला हा प्रकार. शिवाय मशीन वय, उंची आणि लिंग बघून एक अंदाजित आकडा काढतं आणि त्याच्या ८० टक्क्यांवर असलात की 'नॉर्मल' छापून मोकळं होतं. दमसासाचे खेळ खेळणाऱ्या मुलांचे आकडे मुळात सरासरीच्या वर असतात. ११०-११५ टक्के सर्रास दिसतात. अशा मुलीचा आकडा ११४ वरून ९६ वर घसरला तर तिनं सहावा हिस्सा गमावलेला असतो, आणि मशीन तरीही नॉर्मलच म्हणतं. पंपाचे चार पफ देऊन पुन्हा फुंकायला लावण्याची टेस्ट असते, तिचंही तेच. १२ टक्के आणि २०० मिलिलिटर वाढ झाली तर दम्याच्या बाजूनं पुरावा मिळतो हे खरं, पण ज्या नळ्या आधीच सताड उघड्या आहेत त्या पफनं आणखी किती उघडणार?

म्हणजे नळ्यांना डिवचावं लागतं. आणि कशानं डिवचायचं हे ठरवायचं तर औलीत तिच्या छातीत काय होतं ते आधी कळायला हवं.

आपण जी हवा ओढतो ती ३७ अंशांना आणून, पूर्ण ओली करूनच फुप्फुसात खोलवर जाते. त्यासाठी घनमीटरमागे ४४ ग्रॅम पाणी लागतं. साध्या श्वासाला हे काम नाक करतं. मिनिटाला ३५-४० लिटरच्या पुढे गेलं की नाक पुरत नाही, तोंड उघडतंच. मग ओलावा द्यायची जबाबदारी श्वासनलिकांवर येते, आणि त्यांच्या पहिल्या दहा फाट्यांवर मिळून जो पातळ द्रव पसरलेला असतो तो सगळा एक मिलिलिटरसुद्धा भरत नाही. औलीत उणे १० अंशांची हवा अगदी पूर्ण ओली धरली तरी तिच्यात घनमीटरला जेमतेम दोन-सव्वादोन ग्रॅम पाणी असतं. तुमची मुलगी चढावर मिनिटाला १०० लिटर हवा ओढते असं धरा. दर मिनिटाला चार ग्रॅमच्या आसपास पाणी त्या हवेत मिसळावं लागतं. त्यातलं काही श्वास सोडताना परत मिळतं, पण सगळं नाही. अव्वल पुरुष स्कीपटूंचा शर्यतीतला श्वास मिनिटाला १५० ते २०० लिटरवर जातो, तेव्हा त्यांचं काय होत असेल ते सांगायला नको.

पाणी उडालं की उरलेला द्रव खारट होतो. त्या खारटपणानं अस्तरातल्या मास्ट पेशी हिस्टामिन, ल्युकोट्राइन, प्रोस्टाग्लँडिन अशी रसायनं सोडतात आणि नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. सिडनीच्या सँड्रा अँडरसन यांनी हा विचार लावून धरला आणि त्यावर टेस्ट उभ्या केल्या. थंडीचाही वाटा असतोच, पण मुख्य गुन्हेगार कोरडेपणा. म्हणून यातल्या चांगल्या टेस्टना फ्रीझर लागत नाही, कोरडी हवा लागते.

पुण्यापुरता हिशेब करून बघा, मजेशीर आहे. जुलैत २५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना घनमीटरला सुमारे २० ग्रॅम पाणी असतं. जानेवारीच्या पहाटे १० अंश आणि ८० टक्के असताना साडेसात. आणि एप्रिलच्या दुपारी ३८ अंश, १५ टक्के असेल तर सातच्या आसपास! पाण्यापुरतं बोलायचं तर आपला उन्हाळा पहाटेच्या गुलाबी थंडीपेक्षा तसूभर कोरडाच भरतो. व्यायामाची टेस्ट करताना खोलीतली हवा घनमीटरला १० ग्रॅमच्या खाली पाणी असलेली हवी, असा नियम आहे. पुण्यातला हिवाळा तो जेमतेम पाळतो, पावसाळा अजिबात पाळत नाही, आणि औलीच्या दोन ग्रॅमच्या जवळपास यातलं कुणीच जात नाही. टेकडीवर तिला काही होत नाही यात नवल नाही.

हा नियम मी एका धावपटूच्या जिवावर शिकलो. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. जुलै महिना, ट्रेडमिलच्या खोलीतला एसी बंद पडलेला, खिडक्या उघड्या, बाहेर झड लागलेली. मुलगा आठ मिनिटं जीव तोडून पळाला, नाडी १८५ च्या वर गेली, आणि फुंकण्याचा आकडा जागचा हलला नाही. मी कागदावर ऐटीत लिहिलं, 'व्यायामजन्य दमा नाही'. डिसेंबरात तो लडाखमधून तोच खोकला घेऊन परत आला. कोरड्या गॅसवर टेस्ट केली तेव्हा २२ टक्के घसरण निघाली. पाच महिने तो पोरगा स्वतःला मनानं कच्चा समजत होता, आणि त्याला तसं समजायला लावणारा कागद माझ्या सहीचा होता.

तर कोरड्या गॅसची ही टेस्ट म्हणजे ईव्हीएच: युकॅपनिक व्हॉलंटरी हायपरप्निया. नाव जिभेला जड आहे, टेस्ट सोपी. पळायचं नाही, बसून, मुद्दाम, शर्यतीत घेतो तितका जोरात श्वास घ्यायचा. सिलिंडरमध्ये २१ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, बाकी नायट्रोजन, आणि ओलावा जवळजवळ शून्य. कार्बन डायऑक्साइड कशासाठी? तो नसता तर इतक्या जोरात श्वास घेतल्यावर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जाऊन दोन मिनिटांत हातापायांना मुंग्या आणि डोळ्यांपुढे अंधारी आली असती. ही पद्धत मुळात अमेरिकी लष्कराच्या डॉक्टरांनी जवानांसाठी बसवली, खेळवाल्यांनी नंतर उचलली.

मागे तुमच्या मुलीच्याच वयाच्या, लांब पल्ल्याच्या एका खेळाडूची टेस्ट केली, ती जशीच्या तशी सांगतो. आधी फुंकून घेतलं: पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, ज्याला आम्ही एफईव्ही१ म्हणतो, ती ३.४० लिटर. तिला ३० नं गुणायचं म्हणजे १०२. मिनिटाला १०२ लिटर हे लक्ष्य. २१ नं गुणलं तर ७१. त्याच्या खाली गेली तर टेस्ट धरायचीच नाही. नाकाला चिमटा, तोंडात माउथपीस, आणि मध्ये एक मोठा फुगा. गॅस फुग्यात ठरलेल्या वेगानं येत राहतो. मुलगी कमी ओढायला लागली की फुगा फुगत जातो. आमच्या टेक्निशियन बाई सहा मिनिटं शेजारी उभ्या राहून ओरडत असतात, "फुगू देऊ नकोस त्याला, ओढ, ओढ, अजून दोनच मिनिटं!" तिसऱ्या मिनिटाला मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, घसा कोरडा पडला, पण फुगा तिनं फुगू दिला नाही.

मग शांत बसायचं आणि ठरावीक वेळी फुंकायचं. तिसऱ्या मिनिटाला ३.१४. पाचव्याला २.९२. सातव्याला २.८८. दहाव्याला २.९५, पंधराव्याला ३.१०. सर्वांत खालचा आकडा ३.४० च्या १५ टक्के खाली. १० टक्क्यांची घसरण सलग दोन वेळा दिसली तर टेस्ट पॉझिटिव्ह. इथं तीनदा दिसली. आकडे असे खाली जाऊन पुन्हा वर चढतात, हा आकारच मला टक्क्यांपेक्षा जास्त बोलका वाटतो. सातव्या मिनिटाला ती खोकत होती आणि स्टेथोस्कोपनं पाठीत बारीक शिट्टी ऐकू येत होती. लांबून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. पंपाचे चार पफ दिले, पंधरा मिनिटांत ३.४३. जाताना ती म्हणाली, "सर, म्हणजे मी नाटक करत नव्हते." तिच्या आई मागेच उभ्या होत्या, त्या काही बोलल्या नाहीत.

आता या टेस्टची वाट लावायचे मार्ग, कारण निगेटिव्ह रिपोर्टांपैकी बरेच लॅबच्या दारातच निगेटिव्ह झालेले असतात. एक सायकलपटू टेस्टच्या दिवशी कर्वेनगरहून सायकल हाणत आला, वर वाटेत कडक फिल्टर कॉफी प्यायला. जोरदार व्यायामानं नळ्या एकदा आवळून गेल्या की पुढचे एक ते तीन तास निम्म्याशिम्म्या लोकांत त्या पुन्हा तशा आवळत नाहीत. मास्ट पेशींचा साठा संपलेला असतो म्हणा. म्हणून आधीचे चार तास व्यायाम नको. कॉफी-चहा आदल्या दिवसापासून बंद, कारण कॅफिन स्वतःच नळ्या थोड्या सैल करतं. सॅल्ब्युटामॉलचा पंप आठ तास, फॉर्मोटेरॉल-सॅल्मेटेरॉलवाला २४ तास, अ‍ॅलर्जीची गोळी तीन दिवस, माँटेल्युकास्ट चार दिवस आधी थांबवावं लागतं. हे लॅबच्या डॉक्टरांना विचारून करायचं, मनानं नाही. सर्दी-तापातून उठल्यावर सहा आठवडे तरी जाऊ द्यावेत, नाहीतर मोजमाप विषाणूचं होतं. आणि एफईव्ही१ अंदाजाच्या ७५ टक्क्यांखाली असेल तर मी ईव्हीएचला हात लावत नाही. तिथं आजार तसाही समोर असतो.

कोरडा गॅस मिळत नसेल तर ट्रेडमिल चालते, पण नीट केली तर. दोन-तीन मिनिटांत नाडी कमाल आकड्याच्या ८५ टक्क्यांवर, खेळाडूची तर ९० च्या वर, न्यायची आणि एकूण सहा ते आठ मिनिटांत संपवायचं, नाकाला चिमटा लावून, कोरड्या खोलीत. हृदयाच्या स्ट्रेस टेस्टसारखं हळूहळू वेग वाढवत वीस मिनिटं पळवलं तर तो वॉर्म-अप होतो, टेस्ट नाही. तुम्हाला कुणी 'स्ट्रेस टेस्टमध्येच बघून घेऊ' म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा.

मेथाकोलीनची टेस्ट आपल्याकडे छातीच्या बऱ्याच लॅबना माहीत असते, आणि बर्फावरच्या खेळाडूंच्या बाबतीत सर्वांत जास्त घोळ तीच घालते. मेथाकोलीन सरळ स्नायूवर जाऊन त्याला आवळायला सांगतं. मधल्या दाहाशी, मास्ट पेशींशी त्याचं देणंघेणं नसतं. कोरडी हवा किंवा श्वासातून ओढायला दिलेली मॅनिटॉल या साखरेची भुकटी मात्र त्या पेशींना उठवून, त्यांच्यामार्फत स्नायू आवळते. पहिला रस्ता थेट, दुसरा वळणाचा. शर्यतीत जे घडतं ते दुसऱ्या रस्त्यानं. अव्वल स्कीपटूंच्या एकाच गटावर मेथाकोलीन, मॅनिटॉल, ईव्हीएच आणि प्रत्यक्ष बर्फावरची टेस्ट, असं सगळं करून पाहिलेलं आहे. मेथाकोलीनला पॉझिटिव्ह येणारे त्यांत सर्वांत जास्त निघाले, मॅनिटॉलला आणि बर्फावरच्या टेस्टला फारच थोडे. म्हणजे मेथाकोलीनवर विसंबलात तर दमा नसलेल्याला दमेकरी कराल, आणि मॅनिटॉलवर विसंबलात तर खोकणाऱ्याला 'काही नाही' म्हणून घरी पाठवाल.

हे असं का? वर्षानुवर्षं कोरडी थंड हवा पिऊन त्यांचं अस्तर सोलवटून जातं, पुन्हा भरतं, पुन्हा सोलवटतं. स्वीडनमध्ये १९९३ साली क्रॉस-कंट्री स्कीपटूंमध्ये दम्यासारखा त्रास किती पसरलाय हे पुढे आलं. नंतर फिनलंड-नॉर्वेकडच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून नळ्यांचे तुकडे काढून पाहिले तेव्हा धडधाकट दिसणाऱ्या स्कीपटूंतही सूज आणि अस्तराखाली डागडुजीच्या खुणा दिसल्या. हा आपल्या नेहमीच्या, लहानपणी सुरू होणाऱ्या, धुळीनं-परागानं उठणाऱ्या दम्याचा सख्खा भाऊ नाही, चुलत भाऊ आहे. अ‍ॅलर्जीच्या दम्यात वाढणाऱ्या इओसिनोफिल पेशी कमी असतात, स्टेरॉइडच्या पंपाला तो नेहमीइतका दाद देत नाही. आणि मोसमाप्रमाणे बदलतो: स्पर्धांच्या महिन्यांत नळ्या जास्त चिडतात, विश्रांतीत निवळतात. स्कीला लावायच्या मेणाच्या धुराचीही त्यात भर असते. फ्लोरिनवाल्या मेणावर २०२३-२४ च्या मोसमापासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत बंदी आली, पण इस्त्रीनं मेण वितळवायची खोली कोंदट ठेवायची सवय काही गेलेली नाही. शिबिरात मुलीला त्या खोलीत बसू देऊ नका.

म्हणून मी 'एकदाचा' शब्द सोडा म्हटलं. १० ते १५ टक्क्यांची घसरण ही सगळ्यांत फसवी जागा. महिन्याभरानं तीच टेस्ट केली तर पॉझिटिव्हची निगेटिव्ह आणि निगेटिव्हची पॉझिटिव्ह होऊ शकते. १० ते २५ टक्के सौम्य, २५ ते ५० मध्यम, त्यापुढे तीव्र अशी ढोबळ वर्गवारी आहे. मध्यम-तीव्र गटाबद्दल माझ्या मनात शंका राहत नाही, सौम्य गटाला मी लक्षणं जुळत असतील तरच नाव देतो. उलट बाजूनं, लक्षणांवरही एकट्यानं विसंबता येत नाही. धाप, खोकला, छातीत घट्टपणा सांगणाऱ्या खेळाडूंपैकी पुष्कळांची टेस्ट स्वच्छ येते आणि 'मला काहीच होत नाही' म्हणणाऱ्याची २० टक्के घसरते. नुसतं ऐकून निदान करणारा डॉक्टर नाणेफेकीपेक्षा फार पुढे नसतो, आणि मीही तो डॉक्टर होतो.

टेस्ट स्वच्छ आली तर घशाकडे बघा. तरुण मुलींत हे विशेष. ऐन चढावर, जोर कमाल असताना श्वास *घेताना* करकर आवाज येतो, गळा आवळल्यासारखा वाटतो आणि थांबल्यावर दोन-पाच मिनिटांत जातो: तो स्वरयंत्राचा प्रकार, ईआयएलओ, म्हणजे व्यायामाच्या जोरात स्वरयंत्राची वाट आवळणं. नळ्यांचा त्रास थांबल्यानंतर वाढत जातो आणि श्वास *सोडताना* होतो. तुमच्या वर्णनावरून तुमच्या मुलीचा दुसरा वाटतो. पण पुढच्या खेपेला प्रशिक्षकांना मोबाइलवर तिचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढायला सांगा, आवाजासकट. ईआयएलओ पक्का करायला पळतानाच नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा बघावा लागतो. नॉर्वेत बर्गनच्या लोकांनी ही पद्धत बसवली. पंपानं त्याला काडीचा फरक पडत नाही. 'पंप देऊनही फरक नाही, म्हणून डोस वाढवला' अशा फायली घेऊन येणारी मुलं बऱ्याचदा याच गटातली.

एक गोष्ट मात्र टेस्टची वाट न बघता. औली अडीच ते तीन हजार मीटरवर आहे. विश्रांतीतही धाप लागत असेल, रात्री आडवं होता येत नसेल, फेसाळ थुंकी येत असेल तर ते उंचीमुळे फुप्फुसात पाणी भरणं असू शकतं. ऑक्सिजन द्या आणि ताबडतोब खाली उतरवा.

पंपाचं. प्रशिक्षकांचा सल्ला चुकीचा आहे तो वैद्यकीय कारणानं आणि कागदाच्या कारणानंही. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकपासून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं पंप हवा तर टेस्टचा पुरावा दाखवा असं म्हणायला सुरुवात केली. आता डोपिंगच्या नियमांनुसार सॅल्ब्युटामॉल, फॉर्मोटेरॉल, सॅल्मेटेरॉल पंपातून ठरावीक मर्यादेत घ्यायला परवानगी लागत नाही. सॅल्ब्युटामॉलची मर्यादा २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम, आणि कुठल्याही आठ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही. १०० मायक्रोग्रॅमचा पफ धरला तर आठ तासांत सहा पफ. पंपानं एवढं सहसा ओलांडलं जात नाही, पण आपल्याकडे खोकला आला की मशीनवर (नेब्युलायझरवर) वाफ द्यायची पद्धत आहे, आणि त्या मशीनमधली एक कुपी २.५ मिलिग्रॅमची असते. म्हणजे २५०० मायक्रोग्रॅम. एकाच वाफेत दिवसाची मर्यादा पार! नॉर्वेचा मार्टिन यॉन्सरूड सुंडबी याच सापळ्यात सापडला. नेब्युलायझरनं घेतलेल्या सॅल्ब्युटामॉलमुळे २०१६ मध्ये त्याच्यावर दोन महिन्यांची बंदी आली आणि २०१४-१५ चा विश्वचषक आणि टूर दे स्की ही शर्यतमालिका, दोन्ही विजेतेपदं गेली.

आपला खास देशी सापळा म्हणजे खोकल्याचं औषध. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून बाटली आणतो तिच्यात टर्ब्युटालीन किंवा सॅल्ब्युटामॉल सर्रास असतं. तोंडावाटे सॅल्ब्युटामॉल पूर्ण बंद, टर्ब्युटालीन तर पंपातूनही परवानगीशिवाय बंद. पोटात घ्यायचं स्टेरॉइड स्पर्धेच्या काळात बंद, पंपातलं चालतं. बाटलीच्या मागची बारीक अक्षरं तुम्ही स्वतः वाचा. मुलीवर सोडू नका. आणि टेस्टचा मूळ आलेख, आकड्यांसकट, जपून ठेवा. कधी परवानगीचा अर्ज करायची वेळ आली तर 'दमा आहे' एवढ्या चिठ्ठीला किंमत नसते.

नुसता सॅल्ब्युटामॉलचा पंप रोज सरावाआधी ओढत राहिलं तर काही आठवड्यांत त्याचा जोर ओसरतो, आतली सूज तशीच राहते. दमा ठरलाच तर पाया स्टेरॉइडच्या पंपाचा हवा. त्याशिवाय सरावाआधी तुकड्यातुकड्यांनी जोर लावून केलेला वॉर्म-अप, आणि तोंडावर उष्णता-ओलावा धरून ठेवणारा मास्क. शर्यतीत नाही पण सरावात तो वापरायला काहीच हरकत नसते. उणे २० च्या खाली आंतरराष्ट्रीय स्की महासंघ क्रॉस-कंट्रीची शर्यतच घेत नाही, मग शिबिरात कुणी हट्टानं पळवत असेल तर त्याला हे सांगा.

तुमच्या जागी मी काय करीन? नोव्हेंबरात, सराव जोरात असताना आणि सर्दी नसताना, ईव्हीएच. त्याच दिवशी, ईव्हीएचच्या आधी, श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडची टेस्ट आणि अ‍ॅलर्जीसाठी त्वचेची टेस्ट. सख्खा भाऊ की चुलत ते त्यातून बरंच कळतं. ईव्हीएच स्वच्छ आली तर विषय मिटला असं धरणार नाही. शिबिराला जाताना हातात मावणारं स्पायरोमीटर द्यायचं. त्याला थंडी सोसत नाही, म्हणून ते जॅकेटच्या आत, अंगाशी ठेवायचं आणि फुंकायचं ते उबदार खोलीत. सरावाआधी तीनदा, आणि पूर्ण जोराचा तुकडा संपल्यावर तीन, पाच, दहा, पंधरा मिनिटांनी. सोबत त्या वेळचं तापमान लिहायचं. असे चार-पाच दिवसांचे आकडे माझ्या लॅबमधल्या कुठल्याही टेस्टइतके मोलाचे असतात. शिबिराहून परतल्यावर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा एकदा ईव्हीएच. मार्चअखेर केली तर नळ्या निवळलेल्या असतील.

लॅबला आधी फोन करून विचारा, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर भरलेला आहे का. 'आमच्याकडे मेथाकोलीन करतात, तेच असतं' असं उत्तर आलं तर दुसरीकडे विचारा. आणि टेस्टच्या दिवशी तिला रिक्षानं आणा.